दोन किल्ल्यांचं लॉकर

बावीस वर्षांच्या नोकरीत मी 'जमा' आणि 'नावे' यांखेरीज तिसऱ्या बाजूकडे कधी पाहिलं नाही. बी.कॉम.ला असताना आमच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, की जगात प्रत्येक नावे रकमेला कुठं तरी एक जमा रक्कम असतेच, आणि ती सापडेपर्यंत घरी जायचं नसतं. या एका तत्त्वावर माझी बँक, माझा संसार आणि माझं रक्तदाब या तिन्ही गोष्टी आजवर चालत आल्या आहेत. अशा माणसानं भाताच्या वंध्यत्वावर लिहायला बसावं, म्हणजे सुईणीनं ताळेबंद तपासण्यासारखंच आहे. पण त्याला कारण आमचे नानाकाका.

नानाकाका अलिबागच्या अलीकडे, पोयनाडच्या बाजूला, खाडीच्या अंगाला राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. जिल्ह्याचं नाव १९८१ साली कुलाब्याचं रायगड झालं, हे त्यांना कळलेलं आहे. पण मान्य नाही. खालची जमीन खारी. उधाणाला बांध फुटला की समुद्र न विचारता शेतात येऊन बसतो, अगदी चतुर्थीला येणाऱ्या पाहुण्यासारखा. त्या जमिनीत काका वर्षानुवर्षं 'राता' लावतात. हा लाल तांदळाचा भात मीठ पचवून उभा राहतो. वरच्या अंगाला मात्र दोन गोडी खाचरं आहेत. आमची सगळी कथा त्या दोन खाचरांत घडते.

चार-पाच वर्षांपूर्वी मी पीककर्जाच्या टेबलावर होतो. त्या टेबलावर बसलं की माणसाला आपोआप शेतीतलं कळायला लागतं. गेल्या जन्मीही ज्यानं नांगर पाहिला नसेल, तो समोरच्या शेतकऱ्याला विचारतो, "बियाणं कोणतं लावता?" शेतकरीही बिचारा अदबीनं उत्तर देतो, कारण सही आमची हवी असते. तर या अधिकारात मी काकांना सल्ला दिला, की वरच्या खाचरांत संकरित भात लावा. कर्जतचं 'सह्याद्री' लावा. १९९८ सालचा वाण आहे, आपल्याच जिल्ह्यात तयार झालेला आहे.

काकांनी लावला. आणि काय सांगू! पहिल्या वर्षी असं पीक आलं, की बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. लोंब्या वजनानं वाकलेल्या, फुटवे भरघोस. काकांनी मला फोन करून सांगितलं, "तू बँकेत फुकट गेलास." आमच्या घराण्यात यापेक्षा मोठं कौतुक कुणी कुणाचं केलेलं नाही.

मग काकांनी शहाणपणा केला. एवढं उत्तम भात, त्यातलंच निवडक भात त्यांनी कणगीत बियाण्याला ठेवलं. मी म्हटलं, "काका, संकरित बियाणं दर वर्षी नवं घ्यावं लागतं, पिशवीवर लिहिलेलं असतं." काका म्हणाले, "माझ्या आज्यानं बियाणं कधी विकत घेतलं नाही." पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. आमचा हा भागच मुळी हट्टाचा. चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या विरुद्ध १९३३ साली संप पुकारला तो १९३९ पर्यंत. नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून सहा वर्षं जमिनी ओस ठेवल्या, पण मान तुकवली नाही. जिथं माणसं सहा वर्षं उपाशी राहायला तयार होतात, तिथं माझ्यासारख्या कारकुनानं पिशवीवरच्या बारीक अक्षरांचा दाखला देऊन काय होणार?

दुसऱ्या वर्षी त्या खाचरांत शाळेच्या स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो उभा राहिला. काही रोपं उंच, काही बुटकी. काही आधी पिकली, काही दिवाळी आली तरी हिरवीच. आणि मधूनमधून काही लोंब्या ताठ उभ्या. भरलेली लोंबी वाकते, हे सांगायला शेतकरी असावं लागत नाही. त्या वाकल्याच नाहीत. हातात घेऊन चुरगळल्या तर नुसतं फोलपट. आमच्याकडे याला 'पळींज' म्हणतात. काका बोलले नाहीत. त्यांनी मूठभर पळींज माझ्या हातावर ठेवलं आणि ते गोठ्याकडे निघून गेले. बँकेत लोक आरडाओरडा करतात, खाती बंद करायची धमकी देतात. त्याची मला सवय आहे. पण या मूठभर फोलपटाची पावती कुठल्या खात्यात टाकायची, ते मला कळेना.

एवढ्यावर भागलं असतं. पण बायोआत्या तिथं होत्या.

बायोआत्या ही काकांची धाकटी बहीण. नावात 'बायो' असलं तरी तिचा जीवशास्त्राशी काही संबंध नाही. पण मतं मात्र सगळ्या शास्त्रांवर आहेत. ती पडवीत बसून वाल सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "दोन जातींचं एकत्र केलं की असंच व्हायचं. दिसायला झोकदार, आत काही नाही."

म्हणाली भाताबद्दल. पण म्हणताना तिनं क्षणभर स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात आमची ही चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

इथं थोडा खुलासा करायला हवा. आमची ही बार्शीकडची. आम्ही एकाच शाखेत नोकरीला होतो. ती कॅशला, मी क्लिअरिंगला, आणि दोघांच्याही घरच्यांचा विरोध अगदी ताळा जमावा इतका सारखा. लग्नाला सतरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं घरात भाकरी तांदळाची की ज्वारीची या प्रश्नावर तह चालू होता. शेवटी सोम-बुध-शुक्र ज्वारी असा ठराव झाला. ही मालदांडीशिवाय दुसऱ्या ज्वारीला ज्वारी म्हणत नाही. तिच्या माहेरी अजून एखादा मुलगा अंगानं थोराड आणि डोक्यानं मठ्ठ निघाला तर 'हायब्रीड' म्हणतात. भारतातली पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली, तेव्हापासून तो शब्द शिवीसारखाच वापरात आहे.

आम्हाला मूल नाही. डॉक्टर झाले, नवससायास झाले, मुंबईच्या फेऱ्या झाल्या. हिचे रिपोर्ट नॉर्मल, माझे रिपोर्ट नॉर्मल. दोन्ही बाजू बरोबर आणि बेरीज शून्य, अशी ट्रायल बॅलन्स मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. शेवटच्या डॉक्टरांनी कागदावर 'कारण अज्ञात' असं लिहिलं. बँकेत असं लिहिलं असतं तर ऑडिटरनं फाडून खाल्लं असतं.

हिनं ट्रे ठेवला, आत्याला आधी कप दिला, आणि साखर बरोबर झाली का असं विचारलं. परतीच्या एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत होती. मीही दुसऱ्या खिडकीबाहेर बघत होतो. आणि कबूल करायला लाज वाटते, पण माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता: आत्याच्या बोलण्यात शास्त्र तर नसेल ना?

दुसऱ्या आठवड्यात मी एक कॅज्युअल रजा खर्ची घातली आणि पेण, खोपोली करत कर्जतला गेलो. पिशवीत काकांच्या दोन लोंब्या. हिला सांगितलं, काकांच्या भाताचं विचारून येतो.

कर्जतचं भात संशोधन केंद्र ब्रिटिश अमदानीपासूनचं. आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथं मला एक शास्त्रज्ञ बाई भेटल्या. त्या चिखलात उभ्या होत्या, मी बांधावर, पॉलिश केलेले बूट घालून. मी लोंब्या पुढं केल्या. त्यांनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, "बियाणं घरचं राखलंत ना?" ऑडिटरसुद्धा चूक इतक्या लवकर पकडत नाही.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

भात हा स्वभावानं एकांतप्रिय. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही. फूल उघडायच्या सुमारालाच आतल्या आत लग्न लागून जातं. फूल उघडतं सकाळी दहाच्या सुमाराला आणि तास-दीड तासात मिटतं. म्हणजे उघडायची वेळ आमची, आणि मिटायची आमच्या जेवणाच्या सुट्टीच्याही आधीची! अशा रोपाचं दुसऱ्याशी लग्न लावायचं तर पहिल्या फुलातले पुंकेसर आधी काढायला हवेत. दहा-वीस फुलांचे चिमट्यानं काढता येतील. एकरभर भाताचे कोण काढणार? म्हणून मुळातच ज्याचे परागकण निकामी आहेत, असं रोप हवं.

ते रोप सापडलं चीनमध्ये. युआन लाँगपिंग नावाचे शास्त्रज्ञ होते. २०२१ साली वारले. त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० साली हैनान बेटावर रानभाताचं एक झाड दिसलं. तण म्हणून कुणीही उपटून टाकलं असतं. त्याचे परागकण जन्मतःच वांझ. आणि हा दोष आईकडून येणारा. म्हणजे पेशीत केंद्राबाहेर जो रस असतो त्याच्याबरोबर. आणि तो फक्त आई देते. त्या एका झाडाच्या जिवावर तीन खात्यांची पद्धत बसवली गेली. पहिलं खातं नरवंध्य आईचं. दुसरं तिच्या जुळ्या भावाचं, ज्याचे पराग चांगले; त्याच्यामुळे आईचा वंश तसाच वंध्य राहून वाढतो. आणि तिसरं खातं बापाचं. त्याच्याकडे असा जनुक असतो, की तो मुलांमध्ये गेला की आईकडून आलेलं वंध्यत्व फिटतं. चीनमध्ये १९७६ पासून असा भात शेतकऱ्यांच्या शेतात गेला.

आमच्या 'सह्याद्री'ची आई फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतली. नाव 'आय.आर. ५८०२५ ए'. हे नाव कमी आणि बचत खात्याचा नंबर जास्त वाटतो. तिच्या पेशीतला रस त्या हैनानच्या रानभाताच्याच घराण्यातला. म्हणजे पोयनाडजवळच्या दोन खाचरांत काकांनी नकळत चीनचं सासर-माहेर केलं होतं.

"आणि लग्न लावायचं कसं?" मी विचारलं.

"दोरीनं," बाई म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच तसं करतात. आईच्या काही ओळी, बापाच्या दोन ओळी, असं लावायचं. फुलं उघडली की दोन माणसांनी दोरीची दोन टोकं धरून बापाच्या लोंब्यांवरून ओढत जायचं. पराग उडतो, वाऱ्यावर आईकडे जातो. अर्ध्या-अर्ध्या तासानं पुन्हा. आमच्या लग्नात अंतरपाट धरायला दोन मामा मिळाले नव्हते. इथं रोज सकाळी दोन माणसं दोरी धरून उभी!

"आता तुमच्या काकांचं," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षीची रोपं सगळी एकसारखी, कारण प्रत्येकीला अर्धं आईचं, अर्धं बापाचं. पण त्या रोपांवर जो दाणा धरला, ती पुढची पिढी. तिथं वाटणी होते. कुणाला आज्याची उंची, कुणाला आजीची. रस मात्र सगळ्यांना त्या वंध्य आईचाच मिळाला. आणि तो दोष फेडणारा बापाचा जनुक काहींच्या वाट्याला आलाच नाही. त्यांचं पळींज."

म्हणजे दोष ना काकांचा, ना कर्जतचा. वाटणीचा. कर्ज सगळ्यांना वारसानं मिळालं, फेडायची ऐपत काहींनाच मिळाली. पीककर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला यापेक्षा सोपं काय असणार!

इथं माझं काम झालं होतं. मी निघायला हवं होतं. पण मी बांधावर तसाच उभा राहिलो, आणि घसा खाकरून विचारलं, "बाई, पण समजा... दोन्ही बाजू चांगल्या आहेत. कुणात काही दोष नाही. फक्त दोन घराणी लांबची आहेत. तरी वंध्यत्व येतं का?"

"येतं की," बाई उत्साहानं म्हणाल्या. माझ्या पोटात खड्डा पडला.

त्यांनी सांगितलं, की आशियातल्या भाताची दोन मोठी घराणी. एक आपलं, 'इंडिका'. दुसरं जपानकडचं, 'जापोनिका', बुटकं, चिकट. यांचं लग्न लावलं तर रोप जोमदार येतं, पण दाणे निम्मेशिम्मे पोचे. जपानमध्ये काटो यांनी १९२८ साली या वंध्यत्वावरूनच ही दोन घराणी वेगळी धरली. का होतं हे मात्र पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जागेचं कोडं चीनमधल्या वुहानच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली उलगडलं.

तिथं एक लॉकर आहे. हा शब्द माझा. पण बाईंनी तो मंजूर केला. बँकेचं लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाची, एक बँकेची. एकटीनं काही होत नाही. भाताच्या या लॉकरात बंद असतो एक मारेकरी. इंडिकाच्या घरात पहिली किल्ली चालू आहे. पण दुसरी मोडकी. जापोनिकाच्या घरात दुसरी चालू, पहिली मोडकी. त्यामुळे आपापल्या घरी दोघंही सुखात. पिढ्यान्पिढ्या लॉकर बंद, कुणाला पत्ताही नाही. लग्न झालं, की दोन चालू किल्ल्या प्रथमच एका घरात येतात. लॉकर उघडतं. मारेकरी बाहेर पडतो आणि मादीच्या बीजकोशांवर जातो. इंडिकाकडे एक तिसरा जनुक असतो, जामीनदारासारखा. ज्या बीजकोशाला तो मिळाला, तो वाचतो. ज्याला जापोनिकाचा वाटा गेला त्याला जामीनदार नाही, तो मरतो. आणि असं लॉकर एकच नाही. भातात अशा बऱ्याच जागा सापडल्यात. काही बीजकोश मारतात, काही पराग.

"म्हणजे दोष कुणाचाच नाही?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही. वेगळे ठेवा, दोघंही ठणठणीत."

मी गप्प झालो. माझा चेहरा बहुधा त्या लोंबीसारखा झाला असावा. बाईंनी हातातला चिमटा खिशात ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "हे भाताचं हं. ही दोन घराणी माणसानं लागवडीला घ्यायच्या कितीतरी आधीपासून वेगळी होत आलेली आहेत. माणसाच्या जातीपातींत असलं काही नसतं. अलिबागचा काय, बार्शीचा काय, माणूस सगळा एकच वाण."

मी बार्शीचं नाव काढलेलंच नव्हतं, असं मला वाटत होतं. पण चहाच्या वेळी गप्पांच्या ओघात बोललो असेन. कारकुनाच्या तोंडून नको ती नोंद सुटतेच.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भातांमध्ये काही वाण असे असतात, की ते कुणाशीही जमवून घेतात. त्यांच्या मारेकऱ्याच्या किल्लीचा एक तुकडाच गळून गेलेला असतो, म्हणून लॉकर उघडतच नाही. जपानचे इकेहाशी यांनी १९८० च्या दशकात असे वाण दाखवून दिले. त्यांना मधे घातलं की दोन्ही घराण्यांचं सूत जुळतं. प्रत्येक कुटुंबात अशी एखादी मावशी असते. आमच्याकडे ती जागा बरीच वर्षं रिकामी आहे.

"आणि त्याआधी?" मी विचारलं. "त्याआधी कुणी हे लग्न लावलंच नाही?"

"लावलं की. १९५० च्या दशकात कटकच्या भात संशोधन संस्थेत मोठा प्रयोग झाला. इंडिका आणि जापोनिका यांचे शेकडो संकर केले. बहुतेक फुकट गेले. पण हातावर मोजण्याइतके तगले. त्यातला एक मलेशियात निवडून काढला, १९६५ साली. महसुरी. आई-बापांत एक तैवानचा जापोनिका, एक मलायाचा इंडिका. बाजारात सोना मसुरी घेता ना? त्यातली मसुरी ती हीच."

एस.टी.त मला खिडकी मिळाली नाही. पण मी तिन्ही तास उभ्यानं हसत होतो. कारण बायोआत्या! आत्या गेली दहा वर्षं पनवेलला मुलाकडे असते. आणि तिथं तिला सोना मसुरीखेरीज दुसरा भात चालत नाही. हलका असतो, बाधत नाही, म्हणते. आमच्याकडे आली की पिशवीतून स्वतःचे तांदूळ घेऊन येते. दोन जातींचं एकत्र केलेलं दिवसातून दोन वेळा तुपाबरोबर जेवते!

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. हिनं दार उघडलं. मी बूट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. रानभात, दोरी, लॉकर, किल्ल्या, जामीनदार, सगळं. मधे पाणी प्यायलो, पुन्हा सांगितलं. ही ऐकत होती. शेवटी मी 'माणूस सगळा एकच वाण' हेही सांगितलं, आणि मग मला कळलं, की मी काय बोलून बसलो.

ती थोडा वेळ गप्प होती.

"अहो," ती म्हणाली, "हे विचारायला तुम्ही कर्जतला गेला होतात?"

"काकांच्या भाताचंही विचारलं," मी म्हटलं.

ती उठून ताट वाढायला गेली. सोमवार होता, ज्वारीचा. भाकरी थापायचा आवाज येत होता. जरा वेळानं आतूनच तिनं विचारलं, "पण मग बाईंना 'कारण काय' हे नाही विचारलंत?"

"त्यांना भाताचंच कळतं," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. आणि आतून हसल्याचा आवाज आला. सतरा वर्षांत या विषयावर आम्ही दोघं एकदम हसलो ते पहिल्यांदाच.

काकांना मी पुढच्या वर्षी नवं बियाणं घेऊन दिलं, माझ्या पगारातून. त्यांनी ते वरच्या एकाच खाचरात लावलं. दुसऱ्यात त्यांनी कर्जतचाच एक सरळ वाण घातला. त्याचं बियाणं घरी राखता येतं. 'आज्याचं वचन' राहिलं.

या वर्षी गणपतीला आत्या आमच्याकडे आली. पिशवीतून सोना मसुरीची पुडी काढून तिनं हिच्या हातात दिली. "हाच लाव गं माझ्यापुरता, तुमचा जाडा मला पचत नाही." मला राहवेना. मी घसा खाकरला. सगळं तयार होतं: १९६५, मलाया, तैवान, दोन घराणी. बावीस वर्षांत एवढी जुळलेली एन्ट्री माझ्या हाती कधी आली नव्हती.

हिनं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलं, आणि मान किंचित हलवली. नको.

मी नंतर आत जाऊन विचारलं, "का गं?"

"असू दे," ती तांदूळ धूत म्हणाली. "त्यांना तो भात आवडतो."